निलगिरीखाली दोनशे चौदा

२ जुलै

आंघोळ करून बसले, तरी नखांतला मुरूम निघालेला नाही. भीती वाटली की वहीत लिहून काढायचं, असं आईने लहानपणी शिकवलं होतं. त्यामुळे माझ्याकडे वह्या पुष्कळ झाल्या आहेत. ही आजपासूनची.

मूर्तिजापूरपासून अकरा किलोमीटरवर एक बंद पडलेली गिट्टीची खदान आहे. खड्डा अर्धाअधिक बुजवून उरलेल्या मुरुमाच्या ढिगाऱ्यावर बारा वर्षांपूर्वी झाडं लावली. उत्तरेच्या उतारावर निलगिरी, दक्षिणेच्या उतारावर कडुनिंब. पायथ्याशी सहा घरं आहेत, पूर्वी खदानीवर काम करणाऱ्यांची. खदान बंद पडली, माणसं तिथेच राहिली. कोणत्या झाडाखाली मातीत पुन्हा जीव आला, ते मोजून मला सांगायचं आहे. मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, नऊ वर्षं झाली.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. मे महिन्यात आमचे विभागप्रमुख कमलाकांत सर म्हणाले, खदानीवरच्या झाडांचा निर्णय घेणाऱ्या अमरावतीच्या समितीला चार दिवसांत प्राथमिक अहवाल हवा आहे. पारा सेहेचाळीसवर होता. मी सकाळी गेले, दोन्ही पट्ट्यांतून चालले, फोटो काढले, डोकं गरगरायला लागलं तशी परत आले. कुदळ पिशवीतून बाहेर काढलीच नाही. घरी पंख्याखाली बसून लिहिलं की निलगिरीखाली मातीतलं जीवन जवळजवळ शून्य, कडुनिंबाखाली समाधानकारक. निलगिरीखाली काही जगत नाही हे कोणाला माहीत नाही? मी वर्गातही तेच शिकवते.

आज पहिल्यांदा खरे नमुने काढले. कडुनिंबाखालची जमीन किती स्वच्छ होती! आमच्या कॉलेजचं आवारही इतकं स्वच्छ नसतं. बसून शांतपणे खोदता आलं. निलगिरीखाली मात्र साली आणि पाला घोट्यापर्यंत. मी आधी काठी आपटत होते, मग खोदत होते, मग पुन्हा काठी आपटत होते. साप निघाला नाही. पण मी तिथे थांबले ते सगळे मिळून वीस मिनिटं.

६ जुलै

माती नरसाळ्यात ठेवायची, वर बल्ब लावायचा. उष्णतेने मातीतले जीव खाली खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. तीन दिवसांनी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. आज मोजली.

कडुनिंबाखाली एकोणीस. निलगिरीखाली दोनशे चौदा.

चिठ्ठ्या बदलल्या असणार. घाईत काठी एका हातात, पिशव्या दुसऱ्या हातात, असं होणारच. परत जाऊन नीट करून आणते.

९ जुलै

या वेळी गोदाबाईंना सोबत घेतलं. त्या झाडांच्या राखणदार आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. निलगिरीच्या उताराखालचं पहिलं घर त्यांचं. मी पिशवीवर नाव घातलं की त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि त्या मान डोलवायच्या. एक एक फूट लांबीरुंदीचा खड्डा घेऊन गांडुळंही मोजली. निलगिरीखाली तेवीस. कडुनिंबाखाली दोन, तीही मरतुकडी.

चिठ्ठ्या बदललेल्या नाहीत.

कडुनिंबांत कुठेतरी पाला जळत होता, धुराने डोळे चुरचुरले. येताना पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून मी सारखी तेवीस आणि दोन, तेवीस आणि दोन असं म्हणत होते. समोरच्या बाईंनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

११ जुलै

समितीचं पत्र आलं. सरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचलं. माझा मेमधला अहवाल ‘अत्यंत उपयुक्त’ ठरला आहे. त्याच्या आधारे निलगिरीचा पूर्ण पट्टा ४ ऑगस्टपासून तोडायचा, बुंधे जेसीबीने उपटायचे आणि पाऊस आहे तोवर तिथेही कडुनिंब लावायचा. सर म्हणाले की चारुशीला मॅडमनी विभागाचं नाव काढलं. टाळ्या झाल्या. मीही हसले. हसताना हात मी टेबलाखाली धरले होते.



१३ जुलै

सौमित्रला सांगितलं. नवरा वकील असण्याचा मला आजवर विशेष उपयोग झालेला नाही, म्हटलं आज होईल. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “तुला कोणी विचारलंय का?”

मी म्हटलं, नाही.

“मग न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. साक्षीदार तिथेच फसतो. वार्षिक अहवालात हळूच लिही की आकडे हंगामानुसार बदलतात. निलगिरीच आहे ना? तिच्यासाठी कोण रडणार आहे?”

त्याचं म्हणणं मला लगेच पटलं. इतकं लगेच पटलं याचीच आता भीती वाटते आहे.

१९ जुलै

दोन दिवस झड लागली होती. आज उघडीप मिळाली म्हणून खदानीवर गेले. जायची गरज नव्हती, पण घरात बसवेना.

कडुनिंबाच्या उतारावर लाल पाण्याचे ओहोळ वाहत होते. मुरुमाला हाताएवढ्या घळी पडल्या आहेत आणि मुळं उघडी झाली आहेत. निलगिरीच्या उतारावरून पाणी येतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. खाली पायथ्याशी बारीक झिरपत होतं, तेही नितळ. पाणी आत मुरत होतं. गांडुळांनी आणि त्या दोनशे चौदांनी माती भुसभुशीत केली की असंच होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते.

कडुनिंबाच्या बाजूला वच्छलाबाईंचं घर आहे. त्यांच्या अंगणात वीतभर मुरूम येऊन बसला होता आणि त्या घमेल्याने तो उचलत होत्या. मी गोदाबाईंना विचारलं, तुमच्याकडे येतो का असा?

“इकडून कधीच नाई आला,” त्या म्हणाल्या. “वच्छलाच्या इथं दरसाल येते. तिचं नशीबच तसं हाये.”

मग घरी नेऊन चहा देताना त्या खुशीत सांगू लागल्या. ही निलगिरी एकदाची तुटली की बरं होईल, जमिनीतलं सगळं पाणी पिऊन टाकते. मग दोन्हीकडे निंबच निंब. सावलीला सावली, निंबोळीला निंबोळी. माझे त्यांनी आभार मानले. “तुमीच लिवून देलं म्हने, मॅडम. भलं होवो तुमचं.”

मी त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. भिंत मातीची आहे. तिच्यामागे वीस फुटांवर ढिगारा सुरू होतो आणि तो तीन मजली इमारतीएवढा उंच आहे. ती झाडं ऐन पावसाळ्यात मुळांसकट उपटणार, आणि तसं लिहून मी दिलं आहे.

माझी नोकरी जाईल याची भीती होती तोवर बरं होतं. ती भीती निदान माझी मला होती. आता डोळे मिटले की ती भिंत दिसते.

२२ जुलै

सरांच्या केबिनमध्ये गेले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते, वाक्य पाठ केलं होतं. सरांनी बसा म्हटलं. मी बसले. ते म्हणाले, समिती तुमच्यावर खूश आहे, या वर्षी कायमची जागा निघणार आहे, मी तुमचं नाव सुचवलंय. मी म्हटलं, थँक्यू सर. मग ते म्हणाले, सप्टेंबरच्या चर्चासत्रात या विषयावर तुम्हीच बोला. मी म्हटलं, हो सर.

बाहेर आल्यावर लक्षात आलं की सत्य सांगायला गेलेली मी खोट्यावर अर्ध्या तासाचं भाषण कबूल करून आले आहे. माझ्यासारखी भित्री बाई अकोल्याच्या अख्ख्या जुन्या शहरात शोधून सापडायची नाही.

२९ जुलै

आज पहाटेच्या पॅसेंजरने गेले, कारण अकराला तास होता. साडेसातलाच खदानीवर पोचले. एरवी मी पोचते तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. कडुनिंबाखाली बसून कुदळ उचलली तर गोदाबाई लांबूनच हात हलवत धावत आल्या.

“आज जमिनीले टोचाचं नाई मॅडम. नागपंचमी हाये.”

भिक्षुकाच्या घरची सून आणि नागपंचमी विसरले. सासऱ्यांना कळलं तर जेवायचे नाहीत. पण गेले पंधरा दिवस मला वारही आठवत नाही. कुदळ ठेवून दिली आणि एका दगडावर बसून राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून बघत बसले.

गोदाबाई, वच्छलाबाई आणि आणखी दोघी-तिघी खराटे घेऊन आल्या. वरपासून खालपर्यंत सगळा कडुनिंबाचा पट्टा त्यांनी झाडून काढला. काडी ठेवली नाही. पाल्याचे ढीग केले, चार ठिकाणी पेटवले. मग स्वच्छ जमिनीवर पिवळ्या निंबोळ्या वेचायला बसल्या.

मी विचारलं, हे रोज करता?

“रोज. मिरगापासून निंबोळी सरेपर्यंत. मंग हिवाळ्यात पानं गळतात तवा चुलीले पाला लागते. पाला ठेवला तं निंबोळी दिसत नाई, मॅडम. अन् इच्चूकाट्याचं भेव.”

किती वर्षांपासून?

“झाडं टोंगळ्याइतकी होती तवापासून,” गुडघ्याशी हात नेत त्या म्हणाल्या. “आधी पाल्यासाठी, मंग निंबोळीसाठी.”

आणि निलगिरीखाली?

त्या हसल्या. “तिथं काहाले झाडाचं? तिथं वेचाले काय हाये?”

मातीतल्या जिवांना पाला खायला लागतो, त्याच्याच पांघरुणाखाली ते उन्हाळा काढतात. इथे बारा वर्षं रोज ते पांघरूण ओढून जाळलं गेलं होतं. मी झाडांचा फरक मोजतच नव्हते. मी खराट्याचा फरक मोजत होते. आणि त्या स्वच्छ जमिनीचं पहिल्याच दिवशी मी कौतुक केलं होतं.

पट्ट्याच्या टोकाला, जुन्या तारेच्या कुंपणाशी, बोरीच्या काट्यांत पाच-सात कडुनिंब आहेत. तिथे खराटा पोचत नाही. पाला चांगला वीतभर साठला आहे. उद्या रजा टाकून तिथली माती आणते.

२ ऑगस्ट

कुंपणाशेजारच्या कडुनिंबाखाली दोनशे एकसष्ट.

म्हणजे निलगिरीपेक्षाही जास्त. न झाडलेल्या कडुनिंबाखाली मातीत भरपूर जीव असतो. सौमित्रला आकडा सांगितला तर त्याने टाळीच दिली. “म्हणजे तू मे महिन्यात लिहिलंस ते बरोबरच निघालं की! कडुनिंब चांगला. झालं, सुटलीस.”

दहा मिनिटं मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. भूकही लागली. मग पोळीचा दुसरा घास तोंडात असताना ध्यानात आलं की निलगिरी उपटल्यावर जो कडुनिंब लावतील तोही त्या झाडणारच. आणि तो मोठा व्हायला दहा वर्षं. ढिगारा तोवर थांबणार आहे थोडाच.

पत्र लिहिलं. चार ओळींचं. मे महिन्यात मी एकही खड्डा खोदला नव्हता. अहवालातला मजकूर मोजणीवर आधारलेला नाही. निलगिरीचा पट्टा आज तोडल्यास ढिगारा खालच्या घरांवर येण्याचा धोका आहे. तोड त्वरित थांबवावी. सही केली. बँकेत चालली नसती अशी सही आहे. पाठवलेलं नाही. सरांना आधी दाखवायला हवं, असं स्वतःला सांगते आहे. खरं म्हणजे भीती वाटते आहे.

३ ऑगस्ट

रविवार. सरांच्या घरी गेले. त्यांनी पत्र उभ्याने वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तुम्ही हे पाठवलंत तर तुमच्यासोबत विभागही बुडतो,” ते म्हणाले. “मी तुमच्यावर विश्वास ठेवून खाली सही केली होती. उद्या सुटीचा अर्ज टाका, आठवडाभर घरी बसा. तोवर सगळं आटोपलेलं असेल.”

परत येताना मोर्णा नदीच्या पुलावर रिक्षा थांबवली. पुलाच्या कठड्याला टेकून पत्राचा फोटो काढला आणि समितीच्या पत्त्यावर मेल केला. पहिले दोन फोटो पुसट आले. रिक्षावाला खाली उतरून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. बिचाऱ्याला वाटलं मी उडी टाकते की काय.

रविवारी मेल कोण बघतं?

४ ऑगस्ट

पहिल्या पॅसेंजरने गेले. रिक्षातून उतरायच्या आधीच करवतीचा आवाज आला.

अकरा झाडं पडली होती. उजाडताच, ट्रॅक्टर जिथपर्यंत पोचतो तिथूनच सुरुवात केली होती, म्हणजे बरोबर गोदाबाईंच्या घरामागून. जेसीबीने बुंधेही उपटले होते. उघड्या पडलेल्या काळसर मातीत गांडुळं वळवळत होती आणि साळुंक्या ती पटापट टिपत होत्या. बारा वर्षांत मुरुमावर तेवढी माती तयार झाली होती.

तोडीचा ठेकेदार ओमप्रकाश नावाचा मूर्तिजापूरचा माणूस आहे. मी त्याला म्हटलं, थांबवा. तो अगदी अदबीने म्हणाला, “मॅडम, आपल्याजवळ कागद आहे. कागदात तुमचंच नाव आहे.”

सगळ्या बाया जमल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हटलं, “तो कागद खोटा आहे. मी न मोजता लिहिला.”

मशीन चालूच होती, त्यामुळे मला ते दुसऱ्यांदा, ओरडून सांगावं लागलं.

ओमप्रकाशने हात वर केला. करवत थांबली. “मग दुसरा कागद द्या. मी थांबतो. मला काय, आज नाही तर उद्या.”

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहून दिलं. त्याने वाचलं, खिशात घातलं, माणसांना डबे उघडायला सांगितले. एवढंच. इतकं सोपं होतं. ९ जुलैला पाच ओळी लिहिल्या असत्या तर ही अकरा झाडं उभी असती. मी सव्वीस दिवस कशाला घाबरत होते?

मग मला गोदाबाईंना सगळं सांगावं लागलं. ढिगारा, पाणी, पाला, खराटा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “म्हंजे वच्छलाच्या घरात मुरूम येते थो आमच्या झाडन्यानं?”

मी मान हलवली.

“बारा वर्सं झालं आमी झाडून राह्यलो. आमाले कोन सांगन? पन तुमी तं शिकल्या-सवरल्या. तुमाले पंधरा दिसांपासून मालूम होतं का माह्या घरावर हे येऊ शकते. अन् तुमी माह्या घरी चहा पेऊन राह्यल्या.”

त्या आत गेल्या. दार लावून घेतलं.

७ ऑगस्ट

समितीचं उत्तर आलं. तोड स्थगित. माझ्या अहवालाची चौकशी होणार. कॉलेजच्या नव्या वेळापत्रकात माझं नाव नाही. सौमित्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आज म्हणाला, चौकशीला मी सोबत येतो.

त्या मोकळ्या पडलेल्या जागेवर तोडलेल्या फांद्या आडव्या टाकून वर पाला पसरा, असा निरोप ओमप्रकाशकडून गोदाबाईंना पाठवला. त्यांचा फोन लागतो, पण त्या उचलत नाहीत.

१२ ऑगस्ट

दुपारपासून धो धो. मूर्तिजापूरकडे आणखी जास्त आहे म्हणतात. गोदाबाईंचा फोन आता लागतही नाही. ओमप्रकाश म्हणाला, रस्त्यावर पाणी आहे, गाडी जात नाही.

मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. सासऱ्यांनी विचारलं, सूनबाई, काय झालं? मी म्हटलं, पाऊस फार आहे. ते म्हणाले, पडू दे, पिकाला हवा होता.

देवासमोर बसले, तिथेही ती भिंतच दिसते.

१३ ऑगस्ट

नऊ वाजता रस्ता मोकळा झाला. शेवटचे दोन किलोमीटर चिखलातून चालत गेले. चालताना मनात काय होतं ते लिहू शकत नाही.

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

निलगिरीचा उतार जसाच्या तसा उभा आहे. फक्त त्या अकरा झाडांच्या जागेतून ढिगारा खाली आला. फांद्या टाकल्या होत्या, त्यांच्यासकट आला. गोदाबाईंची मागची भिंत आत पडली. पाऊस वाढला तसा वच्छलाबाईंनी त्यांना हाताला धरून आपल्या घरी ओढून नेलं होतं, म्हणून त्या वाचल्या. एरवी दुपारी त्या त्याच भिंतीशी आडव्या होतात.

घराच्या मधोमध मुरूम भरलेला होता. चूल दिसत नव्हती. गोदाबाई दारात उभ्या होत्या, साडी टोंगळ्यापर्यंत खोचलेली. मला वाटलं आता शिव्या देतील. मी तयार होते. मी माफ करा असं काहीतरी म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं.

“तुमी मोजाची पट्टी आनली का?” त्यांनी विचारलं.

पिशवीत असते. काढली.

“मंग मोजा. अकरा झाडं तोडली अन् घरात किती मुरूम आला, थे लिवा. जसं हाये तसं. कमी नाई, जास्त नाई.”

मी आत गेले. मुरूम अजून ओला होता, पाय रुतत होते. भांड्यांच्या मांडणीपाशी गुडघे टेकून बसले, बोटांनी उकरत खालच्या सारवलेल्या जमिनीपर्यंत गेले आणि पट्टी उभी धरली. सत्तेचाळीस सेंटिमीटर. मोठ्याने वाचून दाखवलं.

गोदाबाई दारातूनच म्हणाल्या, “तिकडं, चुलीपाशी?”

मी सरकत चुलीपाशी गेले आणि तिथे खोदायला लागले.